लाल दिव्याजवळची स्ट्रॉबेरी

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या गळ्यात कायम एक लाइट मीटर लटकत असायचा. फोटोग्राफर लोक उजेड मोजायला वापरतात तो, तळहातात मावणारा, काचेखाली काटा हलणारा. भाजी आणायला निघाले तरी तो गळ्यात. जिन्यात कुणी भेटलं की बोलता बोलता ते मीटर समोरच्याच्या गालाजवळ धरायचे, काटा बघायचे आणि म्हणायचे, "कमी आहे." काय कमी आहे ते सांगायचे नाहीत. माझी बायको लग्न होऊन मुलुंडला नवी आली तेव्हा तिच्याही गालाजवळ त्यांनी मीटर धरला. ती घरात येऊन आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, त्या काकांना माझ्यात काय कमी वाटलं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. काकांच्या बाबतीत मला कुठलंच उत्तर नीट देता आलेलं नाही. आज पन्नाशी उलटल्यावर त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, तरी अवस्था तीच आहे.

काका घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये काम करायचे. उभं आयुष्य त्यांनी लाल बल्बच्या उजेडात कागद धुण्यात घालवलं. मग रंगीत फोटो आले, ते धुवायला बाहेरच्या लॅबमध्ये जाऊ लागले आणि डार्करूमचं काम संपलं. मालकाने खोली रिकामी करताना काकांना हवं ते न्यायला सांगितलं. त्यांनी लाल दिवा आणला, फोटोवरचे डाग झाकायचे बारीक ब्रश आणले, आणि हा मीटर.

चौथ्या मजल्यावर मुलगा, सून आणि दोन नातवंडं यांच्याबरोबर ते राहायचे. वन रूम किचन. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर वर्षभरात काकांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी काचघर उभं केलं. मुलुंड गावात एक जुना बंगला पाडत होते, तिथल्या खिडक्या भंगारवाल्याकडून आणल्या, त्या एकमेकींना बांधल्या आणि वर जाड प्लास्टिक ताणलं. पाचगणीहून स्ट्रॉबेरीची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि कुंड्यांत लावली.

स्ट्रॉबेरीच का, याचं कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. चेअरमनना सांगितलं, डॉक्टरने खायला सांगितलीय. माझ्या बायकोला सांगितलं, काकूंना आवडायची. मला म्हणाले, "काळ्या-पांढऱ्या फोटोत स्ट्रॉबेरी काळी येते रे. शाळेच्या ग्रुप फोटोसाठी पाचगणीला गेलो होतो, तेव्हा एका पोरीच्या हातात होती. धुतला तर पोरीच्या हातात कोळसा. तेव्हापासून डोक्यात आहे." यातलं खरं काय ते मी कधी विचारलं नाही. तिन्ही खरी असतील, किंवा एकही नसेल.

त्यांची एक थिअरी होती. पान म्हणजे फिल्म.

"उजेड पडला की पानावर काम सुरू," ते सांगायचे. "साखर तयार होते. ती साखर मुळात जाते, फळात जाते. उजेड कमी पडला तर फळ फिकं. जास्त पडला तर पान दुपारी तोंड मिटून घेतं, मग काम बंद. एक्स्पोजर नीट पाहिजे. आणि शेवटी धुणं अंधारात."

"धुणं म्हणजे?" मी विचारलं.

"फुलं रे. फुलं अंधारात ठरतात."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी डार्करूमवरून ठरवलं होतं, देव जाणे. पण वागायचे ते तसंच. सकाळी सूर्य वर यायच्या आत वर्तमानपत्राचे बोळे करून सगळ्या काचा पुसायचे, कारण आसपासच्या कारखान्यांची काळपट भुकटी रोज काचांवर बसायची. मग मीटर घेऊन प्रत्येक कुंडीपाशी वाकायचे. ऊन तापायला लागलं की त्याच काचांना पातळ चुना फासायचे. मावळत्या उन्हासाठी पुन्हा ओल्या फडक्याने चुना पुसायचे.

आमचे चेअरमन पहिल्या मजल्यावर राहायचे. तोंडाने फटकळ. एकदा चुन्याची बादली घेऊन चढणाऱ्या काकांना त्यांनी जिन्यात गाठलं.

"काका, उजेड पाहिजे की नको, एकदाच काय ते ठरवा ना."

"सकाळचा पाहिजे. दुपारचा नको."

"मग सोसायटीतर्फे सूर्याला नोटीस काढू का?"

"काढा," काका म्हणाले. "सेक्रेटरी सही करेल."

सेक्रेटरी म्हणजे मी. बिल्डिंगमधला सर्वात तरुण सभासद म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. काका मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत, सेक्रेटरीच म्हणायचे. माझ्याविषयी त्यांचं एक मत होतं, आणि ते माझ्या आईच्या मताशी जुळायचं. आई म्हणायची, याला शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी आपलीच चूक वाटते. काका म्हणायचे, "तुका अपराधी वाटूक कारण लागणा नाय." माझी फजिती करायची असली की ते मालवणीवर यायचे.

अँटेनांचं प्रकरण मात्र खरंच माझ्या अंगावर आलं. त्या काळात गच्चीवर प्रत्येक घराचा टीव्हीचा अँटेना असायचा. काकांचं म्हणणं, या काठ्यांच्या सावल्या माझ्या पानांवर पडतात. एका रविवारी दुपारी त्यांनी सहा-सात अँटेना हळूच वळवले. संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला आणि अर्ध्या बिल्डिंगमध्ये नुसत्या मुंग्या. लोक गच्चीवर धावले. काका मीटर दाखवून एकेकाला समजावत होते, तुमच्या काठीने अमुक कुंडीचा एवढा उजेड खाल्ला. दुसऱ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "काका, तुमची स्ट्रॉबेरी गेली खड्ड्यात, हिरोईन कुठाय आमची?" सगळे हसले, काकाही हसले. पण भांडण मिटवायला मी गेलो आणि अँटेना परत वळवताना एकाची वायर माझ्याच हातून तुटली. ती भरून देताना वाटलं, आपण दोन्ही बाजूंचे गुन्हेगार आहोत.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गच्चीवरून अँटेनांच्या वायरी चोरीला जायला लागल्या. कमिटीने ठरवलं, गच्चीवर मर्क्युरीचा दिवा लावायचा. मीच तो लावून घेतला. संध्याकाळ झाली की निळसर पांढऱ्या उजेडात अख्खी गच्ची न्हाऊन निघायची. मला वाटलं, काकांना आनंद होईल. उजेडच उजेड.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "घरात जुन्या छत्र्या असतील तर दे. काळ्या."

त्यांनी बिल्डिंगभर फिरून छत्र्या गोळा केल्या. मोडक्या काड्यांच्या, गंजक्या दांड्यांच्या. रोज सूर्य मावळला की एकेका कुंडीवर एकेक छत्री उघडी करून ठेवायचे. पावसाचा पत्ता नाही आणि काचघरात काळ्या छत्र्यांची सभा भरल्यासारखी. खालून मुलं ओरडायची, "काका, पाऊस कधी?" काका वरून म्हणायचे, "तुमच्या परीक्षेदिवशी."

तोपर्यंत उशीर झाला होता. त्या वर्षी रोपं माजली. गडद, तजेलदार पानं, कुंड्यांबाहेर लोंबणारे दोऱ्यांसारखे फुटवे. फूल एकही नाही. मार्चमधल्या वार्षिक सभेत चेअरमननी विषय काढला. पाणी पुरत नाही, दुसरी टाकी बांधायची, जागा काचघराचीच आहे. एवढा पाला खायला आपण काय शेळ्या पाळल्यात का? बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की काकांना आणखी एक वर्ष द्यायचं. पुढच्या मार्चच्या सभेपर्यंत फळ आलं तर काचघर राहील आणि टाकीला दुसरी जागा शोधू. नाही आलं तर काचघर पाडायचं.

ठराव मी लिहिला. दिवा मी लावला होता. सभा संपल्यावर मी काकांना गाठलं आणि म्हणालो, "काका, माझ्या दिव्यामुळे झालं हे. मी उद्याच काढतो."

"काढ," ते म्हणाले. "पण तुझ्या दिव्याला एवढा मान देऊ नकोस."

दिवा काढला. पुढच्या हिवाळ्यात छत्र्यांची गरज उरली नाही. काचा पुसणं, चुना, मीटर, सगळं ठीक चाललं होतं. उकाडा कमी व्हावा म्हणून काका गोणपाटं ओली करून कुंड्यांभोवती गुंडाळायचे. तरी फुलं येईनात. पुन्हा नुसती पानं आणि फुटवे.

त्या दिवसांत मी संध्याकाळी कामावरून आलो की आधी गच्चीवर जायचो. काका काचघरात एका लाकडी खोक्यावर बसलेले असायचे. खिळ्याला डार्करूमचा लाल दिवा टांगलेला. त्या उजेडात पानं काळी दिसायची आणि काकांचा पांढरा सदरा गुलाबी. कधी ते ब्रशने पानावरची धूळ झटकायचे, कधी नुसतेच बसायचे. जेवायची हाक येईपर्यंत तिथेच. एकदा मी काचेबाहेर उभा होतो तर ते बोलत होते. काय ते ऐकू आलं नाही, पण बोलणं कुणाला तरी उद्देशून होतं. मध्येच थांबत होते, समोरच्याने उत्तर दिल्यावर थांबतो तसे. मी पाऊल न वाजवता खाली उतरलो.

डिसेंबरात माझी मेव्हणी शोभा राहायला आली. पार्ल्याच्या कॉलेजात बॉटनी शिकत होती. मी तिला मुद्दाम गच्चीवर नेलं. काकांनी तिच्या गालाजवळ मीटर धरला, ती खळखळून हसली आणि तिने त्यांना दहा प्रश्न विचारले. काकांनी सगळ्यांची उत्तरं दिली. पण खाली आल्यावर तिने मला बाल्कनीत ओढलं.

"भावोजी, तो लाल दिवा रोज असतो?"

"रोज. सूर्य मावळल्यापासून जेवणापर्यंत. का गं?"

"मग फुलं कशी येतील? स्ट्रॉबेरीला लांब रात्र लागते. सलग अंधार. हे त्याच्यात दिवा लावून बसतात."

"पण लाल आहे तो. लाल उजेडात काही होत नाही."

"फोटोच्या कागदाला होत नाही, भावोजी. झाडाला लालच जास्त कळतो."

मी म्हटलं, पण उजेड म्हणजे अन्न ना? मग थोडं जास्त मिळालं तर बिघडलं कुठे? तिने कपाळावर हात मारला. पान दिवसाच्या उजेडावर साखर करतं ते एक, म्हणाली, आणि झाड उजेडावरून रात्र किती मोठी ते मोजतं ते वेगळं. साखरेला तो लाल दिवा काहीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. पण रात्र मोजायला तेवढा पुष्कळ झाला. दिवस संपलाच नाही असं झाडाला वाटतं. "म्हणजे उजेड त्यांचं जेवण पण आहे आणि घड्याळ पण," असं ती म्हणाली. मला तेव्हा कळल्यासारखं वाटलं. रात्री अंथरुणावर पडलो तर परत सगळा गुंता. पुढे तिनेच असंही जोडलं होतं, की मुंबईच्या हवेत अंधार करूनही फुलं येतील याची खात्री नाही.

बायकोला विचारलं, सांगू का त्यांना?

"सांगा की. फळ नाही आलं तर त्यांचं घर पाडणारात ना तुम्ही लोक?"

ती काचघराला घर म्हणाली. माझं लक्ष तेव्हा त्या शब्दाकडे गेलं नाही. डोळ्यांपुढे मार्चची सभा होती. फळ आलं की काचघर वाचतं आणि माझ्या डोक्यावरचा दिव्याचा भार उतरतो, एवढं सरळ गणित मी केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर गेलो. काकांनी खोक्यावर सरकून मला जागा दिली. मी शोभा म्हणाली ते जमेल तसं सांगितलं. काका ऐकत होते. मग त्यांनी गळ्यातला मीटर लाल बल्बजवळ नेला.

"काटा हलला?"

"नाही."

"मग?"

त्यांनी मीटर परत सदऱ्यावर सोडला.

"तीस-पस्तीस वर्षं या उजेडात कागद धुतलेत मी. एका कागदावर डाग नाही. लोकांची लग्नं, बारशी, मयतं, सगळं याच्यात."

"काका, कागद वेगळा असेल आणि पान वेगळं असेल."

त्यांनी समोरच्या कुंडीतलं एक पान बोटाने उचललं. मग म्हणाले, "म्हणजे मी इथे बसतो, ते यांना कळत होतं?"

"तसं नाही काका. त्यांना फक्त रात्र लहान वाटत होती."

"तेच रे ते," ते म्हणाले.

मी सुचवलं, दिवा न लावता बसा. एक दिवस ते बसलेही. उठताना अंधारात पाय लागून एक कुंडी फुटली आणि बोटाला खापर लागलं. सूनबाई चिडल्या. रागात काळजीच होती, पण आवाज तिसऱ्या मजल्यावर आमच्यापर्यंत आला: "काय व्हायचं ते होऊ दे त्या झाडांचं, दिवेलागणीनंतर वर जायचं नाही." काका गेले नाहीत. सकाळी काचा पुसायचे, दुपारी चुना लावायचे, सूर्य मावळायच्या आत खाली यायचे.

जानेवारी संपता संपता फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळी. काकांनी फोटोचे डाग झाकायचा ब्रश घेऊन एकेका फुलावर फिरवला, कारण काचघरात मधमाश्या कुठून येणार. फेब्रुवारीत हिरवे गोळे धरले, आणि सभेच्या आदल्या आठवड्यात ते लाल झाले. बोराएवढी फळं. काही तर बोराहूनही लहान. सगळी मिळून एक ताटली भरली.

सभेला काकांनी ती ताटली टेबलावर ठेवली. चेअरमननी एक फळ तोंडात टाकलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"आंबट आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण आहे बाबा स्ट्रॉबेरी. मानलं."

टाळ्या पडल्या. ठराव झाला. काचघर राहील, टाकीसाठी मागच्या अंगणात जागा बघावी. मी तो लिहिला आणि काकांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते हसतील, निदान माझ्या गालाजवळ मीटर तरी धरतील. ते रिकामी ताटली रुमालाने पुसत होते.

शोभाला मी हे सगळं कळवलं तेव्हा ती म्हणाली, फळं येऊन गेली, पुढचा हंगाम लांब आहे, आता लाल दिवा लावला तरी चालेल. मी दोन-दोन पायऱ्या चढत चौथ्या मजल्यावर गेलो. काका दाराबाहेरच्या जिन्यावर बसले होते. आत टीव्ही चालू होता, नातवंडं अभ्यास करत होती, कपडे वाळत घातले होते. बसायला दुसरी जागा दिसत नव्हती.

"काका, आता दिवा लावून बसता येईल. शोभाने सांगितलंय."

"नको रे."

"का?"

"इतके दिवस वाटायचं, वर आपल्याला कोण बघत नाही. डार्करूमला कसं, दार लावलं की तुम्ही जगाला दिसत नाही. आता कळलं ना, की ती रोपं बघतात. आता तिथे बसलो तर कुणाच्या घरात न विचारता बसल्यासारखं होतं."

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो. "मी सांगायला नको होतं का, काका?"

"फळ आलं की नाही?"

"आलं."

"मग झालं तर."

ते असं म्हणाले खरं. पण यात मला दोष होता की शाबासकी, ते मला तेव्हा कळलं नाही. फळासाठी काचघर होतं की काचघरात बसायला मिळावं म्हणून फळ होतं, हे मी आधी विचारलं असतं तर कदाचित सांगितलंच नसतं. मग फुलं आली नसती, काचघर पाडलं गेलं असतं, आणि तेव्हाही त्यांना बसायला जागा उरली नसती. मी हे कितीही वेळा मांडून पाहिलं तरी शेवटी काका त्या जिन्यावरच बसलेले दिसतात.

पुढच्या एका संध्याकाळी आमच्या दाराची कडी वाजली. काका होते. "बसतो जरा," म्हणाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. बायकोने चहा दिला. त्यांनी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि जेवायच्या वेळी उठले. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच यायला लागले. आमची ती वेळ नव्या संसारातली, दोघांनीच गप्पा मारायची. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायची, मी खांदे उडवायचो. त्यांना या म्हणावं की नको म्हणावं, यातलं काहीच मला जमलं नाही.

मोठी अडचण व्हायची ती दिवेलागणीला. बाहेर काळोख पडत जायचा, खोलीतल्या वस्तू एकेक करून दिसेनाशा व्हायच्या. खोली आणि स्वयंपाकघर दोन्हीकडे पुरणाऱ्या एकुलत्या ट्यूबलाइटचं बटण माझ्या डोक्याशी होतं, पण माझा हात तिकडे जाईना. काकांसमोर कुठलाही दिवा लावायची मला धास्ती बसली होती. आम्ही दोघे तसेच बसून राहायचो, आणि बायको आत पोळ्या लाटता लाटता थांबायची.

शेवटी एका संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. "अहो, मला कणीकसुद्धा दिसत नाहीये."

मी काकांकडे पाहिलं. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त सदरा.

"लाव रे दिवा," काका म्हणाले. "मला कुठे आता फुलं यायचीयत?"